गळती

हौद फुटला नव्हता.
तो रोज चार बोटं खाली जायचा
आणि मी रोज संध्याकाळी दोन कळश्या ओतून
त्याची अब्रू झाकायचो.

वैशाखात विहीर तळाला टेकली,
पोहऱ्याबरोबर वाळू वर यायला लागली,
तेव्हा सुगंधा म्हणाली,
"माणसांना मोजून, आणि तुझ्या माशांना ओतून?"
तुझ्या.
मासे खरं तर शलाकाचे.
सातवीत असताना दापोलीच्या जत्रेतून आणलेले पाच,
पिशवीच्या गाठीत तिचा श्वासही बांधून.
ती आता नर्सिंगच्या हॉस्टेलात आहे,
पाचांचे सतरा झालेत
आणि फोनवर ती आधी त्यांचं विचारते.

इकबाल परकाराने चिऱ्यावर ओळंबा धरला.
"हा दुरुस्त नाही होणार. नवा बांधू.
झाडापासून दूर. कमरेइतका खोल,
उथळ पाणी दुपारी रश्शासारखं तापतं."

जुन्या मच्छरदाणीचं झोळणं केलं.
एकेक नारिंगी जीव निळ्या पिंपात सोडला,
वर झापांची सावली.
सोळा.
पुन्हा मोजले. सोळाच.
तारेवर खंड्या बसला होता,
त्याला विचारून काय उपयोग.

पिंप तिसऱ्या दिवशी दुपारी तापलं.
सगळे वर येऊन तोंडं उघडत होते,
आवाज नसलेली शाळा सुटावी तसे.

मी हर्णैच्या बंदरावर बर्फ फोडतो,
सत्तावीस वर्षं झाली.
सुरमई, सरंगा, म्हाकूल, कोळंबी,
माझ्या हातचा बर्फ नेहमी मेलेल्यांच्या अंगावर पडलेला.
जिवंत मासा त्याने गार करायचा
हे हातालाच आधी चमत्कारिक वाटलं.
भुशात गुंडाळून लादीचा तुकडा सायकलवर घेतला,
मुकादमाने हटकलं, "घरी ताप आलाय कोणाला?"
म्हटलं, हो.
आणि ते काही खोटं नव्हतं.

बाटलीत बर्फ भरून बाटली सोडायची,
हळूहळू,
एकदम गार केलं तर तेही मरण.
ही युक्ती शलाकाने सांगितली, रात्रपाळीतून, कुजबुजत.

जुना तळ पहारीने उचकटला
तेव्हा कळलं पाणी कुठे जायचं.
फटीतून आंब्याची मुळं आत आलेली,
पांढरी, केसांसारखी बारीक,
अजून ओली.
गावभर मोहर करपला त्या सालीही
आमचा रायवळ वाकलेला असायचा
आणि मी पाहुण्यांना सांगायचो,
जातच चिवट आहे त्याची.

नव्या हौदाला सिमेंटचा कडकपणा असतो.
केळीचे खुंट चिरून टाकले, शेण कालवलं,
भरला, कुजवला, उपसला,
पुन्हा भरला.
टँकरचं पाणी, कळशीमागे शेजाऱ्यांची नजर.
उपसलेल्या पाण्याने अंगण शिंपलं, सायकल धुतली,
परकारांनी त्यातच थापी धुतली
आणि मजुरीतले दोनशे कमी घेतले,
"माशांचं काम आहे" एवढंच म्हणाले.

सोडले तेव्हा सोळाही जण कोपऱ्यात गोळा झाले,
एवढं पाणी आपलं आहे
यावर त्यांचा विश्वास बसेना.
मग एक जण खाली गेला,
दिसेनासा झाला,
आणि माझा जीव वर आला.

आता पाणी पेन्सिलच्या खुणेवरून हलत नाही.
दोन दिवस, चार दिवस, खूण तशीच.
संध्याकाळी हात मात्र सवयीने कळशीकडे जातो.
काल भरलेली कळशी घेऊन
हौदाशी नुसता उभा राहिलो,
मग आंब्याच्या बुंध्याशी गेलो,
जुना हौद होता त्या मातीवर ओतली.

सुगंधा मागच्या दारात तांदूळ निवडत होती.
"आणि हे आता कोणासाठी?"

मी दुसरी कळशी आणायला गेलो.